पैसा वाटेत कोठे थांबतो?

शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला, तेव्हा ओळख आणि पैसा या दोन्ही गोष्टी आता खेड्याच्या उंबरठ्याशी येऊन ठेपल्या, असे सांगितले गेले होते. त्यानंतरच्या काळात ११ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय ही यंत्रणा जाहीर केली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि मोबाइलवरून पैसे देणे ही शहरी हौस न राहता रोजच्या व्यवहाराचा भाग झाले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशभरात यूपीआयवरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. पैसे देणाऱ्याची सोय झाली, यात शंका नाही. परंतु पैसे घेणाऱ्याचा, त्यातही लहान विक्रेत्याचा प्रश्न यामुळे संपला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

त्याच तालुक्यातील पुरुषोत्तमनगरचे उदाहरण घ्यावे. सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत. आसपास ऊस, केळी आणि पपई. नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी प्रसिद्ध. वर सातपुड्याच्या डोंगरात धडगाव-अक्कलकुव्याकडे घरोघर आमचूर होते. अशा परिसरातील एखाद्या महिला बचत गटाने मिरचीपूड आणि आमचूर पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट विकण्यासाठी संकेतस्थळ काढावयाचे ठरविले, तर ते तयार करून देणारा एखादा तरुण सहज मिळतो. मालाची छायाचित्रे चढतात, भाव लिहिला जातो. अडते ते पुढे. पैसे घ्यायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा जाहिरात पाहून, किंवा शेजारच्या दुकानदाराने जे घेतले ते पाहून दिले जाते. वास्तविक धंदा तगणार की बुडणार, हे पुष्कळ अंशी याच उत्तरावर अवलंबून असते.

जुनाच प्रश्न, नवे मध्यस्थ

दूरच्या गिऱ्हाइकाकडून पैसे वसूल करण्याची अडचण नवी नाही. व्यापाऱ्यांची हुंडी याच गरजेतून आली. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डरचे काम हाती घेतले आणि व्ही. पी. ने पुस्तके मागविण्याची रीत तर मराठी वाचकाच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. या प्रत्येक सोयीत पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये कोणीतरी उभा असे आणि त्याचा मेहनताना कोणीतरी देत असे. आजही तेच आहे. फरक इतकाच की, आजचा मध्यस्थ दिसत नाही आणि त्याचा मेहनतानाही हिशेब मांडल्यावाचून ध्यानात येत नाही.

ऊस पिकविणाऱ्या भागाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पुरविल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. हा नियम करावा लागला, कारण माल गेला आणि पैसा आला या दोन घटनांमधील अंतरातच उत्पादकाचे मरण असते. अडतीचा वादही याच जातीचा. अडत असावी की नसावी यापेक्षा ती कोणी द्यावी, यावरच अधिक भांडण झाले. तेव्हा संकेतस्थळासाठी पैसे घेण्याची पद्धत निवडतानाही चार प्रश्न विचारावेत: पैसा मध्ये कोणाच्या हाती राहतो, खात्यात केव्हा येतो, त्याची किंमत किती पडते, आणि तंटा झाला तर दाद कोणाकडे मागायची?

तीन वाटा

पहिली वाट सर्वांत साधी. गटाच्या बँक खात्याला जोडलेला यूपीआय क्रमांक किंवा क्यूआर कोड संकेतस्थळावर द्यावा. ग्राहकाने त्यावर पैसे पाठवावेत. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून कमिशन घेता येत नाही. पैसा मध्ये कोठेही न थांबता थेट खात्यात पडतो. परंतु कोणत्या मागणीचे पैसे आले आणि कोणत्या मागणीचे राहिले, हा मेळ हातानेच घालावा लागतो. शिवाय पैसे भरल्याचे खोटे छायाचित्र पाठवून माल उकळण्याचा प्रकार आता सर्वत्र माहीत झाला आहे. त्यावर उपाय एकच. ग्राहकाने पाठविलेल्या चित्रावर नव्हे, स्वतःच्या बँकेच्या नोंदीवर विश्वास ठेवावा. दुकानात गिऱ्हाईक समोर ताटकळत उभे असते. संकेतस्थळावरील विक्रीत तशी घाई नसते. दिवसातून एकदा मागण्या आणि खाते ताडून पाहून मगच माल रवाना केला, तर डोंगरातील दुबळ्या नेटवर्कचाही फारसा अडथळा होत नाही.

दुसरी वाट पेमेंट गेटवेची, म्हणजे ग्राहकाकडून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय अशा सर्व मार्गांनी पैसे गोळा करून विक्रेत्याला पोचविणाऱ्या कंपनीची. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये अशा कंपन्यांना नियमांच्या चौकटीत आणले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यासंबंधीचे निर्देश एकत्रित स्वरूपात काढले. विक्रेत्यांचा पैसा कंपनीने स्वतःच्या धंद्यात न वापरता बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवला पाहिजे, असे बंधन त्यात आहे. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक विक्रेत्याने आपल्याजवळ साठवून ठेवण्यासही १ ऑक्टोबर २०२२ पासून मज्जाव आहे. ही बंधने हितकारकच आहेत. मागणी आणि पैसा यांचा मेळ आपोआप लागतो, ही या वाटेची मोठी सोय. तथापि ती फुकट नाही.

हिशेब मांडून पाहावा. एक किलो मिरचीपूड ४०० रुपयांना विकली आणि सर्व खर्च वजा जाता गटाला ४० रुपये सुटतात असे धरू. कार्डावरील व्यवहारास गेटवेचे शुल्क दोन टक्के धरले, तर ८ रुपये झाले. विक्रीच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक दिसते; नफ्याच्या मानाने ती एक पंचमांश आहे. कमिशन विक्रीवर लागते आणि पोट नफ्यावर भरते, हा साधा भेद जाहिरातीत कोठेही छापलेला नसतो. यूपीआयवर बँकेचे कमिशन नसले तरी गेटवे कंपनी आपल्या सेवेसाठी निराळे शुल्क लावू शकते. म्हणून करारातील ते कलम आधी वाचलेले बरे.

तिसरी वाट, माल पोचल्यावर रोख घेण्याची. नव्या विक्रेत्यावर ग्राहकाचा विश्वास नसतो, तेव्हा ही पद्धत आकर्षक वाटते. परंतु परत आलेल्या व्ही. पी. चे दुखणे जुन्या पुस्तक प्रकाशकांनी पुरेपूर भोगले आहे. पार्सल नाकारले की जाण्याचे आणि येण्याचे, असे दोन्ही भाडे विक्रेत्याच्या गळ्यात पडते आणि मधल्या काळात माल अडकून राहतो तो वेगळाच. निदान टपालखर्चाएवढी रक्कम आगाऊ मागून घेणे, हा यातला व्यवहारी मार्ग होय.

या तिन्हींचा विचार करता लहान गटाने सुरुवात पहिल्या वाटेने करावी, मागण्यांचा मेळ हाताने घालणे अशक्य होऊ लागले म्हणजे दुसरीचा आधार घ्यावा आणि तिसरीचा उपयोग अपवाद म्हणून करावा, हेच शहाणपणाचे दिसते. गेटवे घेतल्यानंतरही पहिली वाट बंद करू नये. एका मोठ्या पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिच्या खात्यांत नवीन रक्कम जमा होणे थांबले, तेव्हा सर्व व्यवहार एकाच ठिकाणी बांधून ठेवलेल्या दुकानदारांची धावपळ झाली. दुसरा दरवाजा ठेवणे हा संशयीपणा नव्हे. ती सावधगिरी आहे.

खाते कोणाचे, क्रमांक कोणाचा?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तंत्राची नसून मालकीची आहे. असे संकेतस्थळ उभे करताना गटातील बायका शिक्षकाकडे, ओळखीच्या कारकुनाकडे किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाकडे जातात. तो सद्भावनेने सगळे करून देतो. पण घाईत मोबाइल क्रमांक स्वतःचा लावतो, ई-मेल स्वतःचा देतो, प्रसंगी खातेही स्वतःचेच जोडतो. पुढे त्याची बदली होते, शिक्षणासाठी तो परगावी जातो, किंवा काही कारणाने दुरावा येतो. मग गटाच्या धंद्याची किल्ली गटाच्या हाती राहत नाही. फसवणुकीचा कोणताही हेतू नसताना झालेली ही फसवणूकच आहे.

याला दुसरीही बाजू आहे. सायबर फसवणुकीतला पैसा ज्या खात्यांतून फिरला त्या खात्यांवर पोलिसांच्या सूचनेवरून बँका रोख लावतात. केरळात २०२३ साली अशा रीतीने किरकोळ व्यापाऱ्यांची खाती गोठविली गेली. अनोळखी गिऱ्हाइकाने दिलेले थोडेसे पैसे त्याला कारण झाले होते. अशा वेळी मदत करणाऱ्याचे पगाराचे खाते धंद्याला जोडलेले असेल, तर त्याच्या घरची चूल अडचणीत येते. म्हणून गटाच्या नावाचे स्वतंत्र खाते, गटाच्याच मालकीचा मोबाइल क्रमांक आणि परवलीचे शब्द एकाहून अधिक पदाधिकाऱ्यांच्या स्वाधीन, एवढे तरी पथ्य पाळलेच पाहिजे. ज्याला मदत करावयाची आहे त्याच्या हाती किल्ली देऊन बाजूला होता येणे, हीच मदतीची कसोटी होय.

भीती आणि जबाबदारी

नोंद राहते म्हणून यूपीआय नकोच, अशीही एक भावना लहान व्यापाऱ्यांत आढळते. कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या नोंदींच्या आधारे हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळूरच्या अनेक दुकानांत ‘फक्त रोख’ असे फलक लागले. ही भीती समजण्यासारखी आहे; पण तिच्यावरचा उपाय रोखीकडे परतणे हा नव्हे. खाते स्वतंत्र असेल आणि मागण्यांची वही नीट ठेवलेली असेल, तर तीच नोंद पुराव्याच्या कामी येते; उद्या बँकेकडे कर्ज मागतानाही तीच उपयोगी पडते. परराज्यातील ग्राहकाला करपात्र माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणीचा नियम निराळा आणि अधिक कडक आहे, हे मात्र पहिली विक्री करण्यापूर्वीच जाणकाराला विचारून घ्यावे.

सरकारची आणि बँकांची जबाबदारीही येथे सांगितली पाहिजे. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली आणि व्यापाऱ्याला पोच मिळाली नाही, तर यूपीआयच्या बाबतीत पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा व्हावी आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविण्याची सोय आहे. नियम चांगले आहेत. पण ते कळण्याजोग्या मराठीत शाखेच्या भिंतीवर लावलेले किती ठिकाणी आढळतात? करार इंग्रजीत, तक्रारीचे उत्तर यंत्राकडून आणि शाखेत विचारावे तर ‘ते आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर, ही स्थिती असेल तर कागदावरील संरक्षण कागदावरच राहते. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ टक्के साक्षरता आणि दोनतृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती, तेथे तर मराठीबरोबर स्थानिक बोलीतही हे समजावून सांगणारा माणूस हवा.

यूपीआय कायम विनाशुल्क राहील, असेही गृहीत धरता येत नाही. ही यंत्रणा चालविण्याचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी २०२५ मध्ये स्पष्टपणे सूचित केले. सध्याची सवलत सरकारी अनुदानाच्या टेकूवर उभी आहे. तो टेकू उद्या काढून घेतला गेला, तर बोजा प्रथम कोणावर पडणार हा प्रश्न आहे. मोठ्या दुकानदाराला दोन टक्के सोसता येतात आणि त्यासाठी घासाघीसही करता येते. बचत गटाला यांतले काहीच जमत नाही. तेव्हा अशा गटांनी एकेकटे संकेतस्थळ काढण्यापेक्षा तालुक्याच्या पातळीवर एकत्र येऊन एकच संकेतस्थळ, एकच करार आणि एकच हिशेबनीस ठेवणे अधिक हिताचे ठरेल. ऊस एकेकट्याने विकण्यापेक्षा एकत्र येऊन कारखाना काढावा, हे ज्या परिसराला सुचले आणि साधले, त्याला हे सुचवायचे म्हणजे नवे काही सांगायचे असे नाही. पैसा वाटेत कोठे थांबतो यावर लक्ष ठेवण्याचे कामही सहकाराचेच आहे.