उमेदवारी आणि बैलाचे दात

आमच्या घरात 'शेअर' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने विहिरीच्या कामासाठी ठेवलेले 80 हजार रुपये मोबाईलवर 'ऑप्शन'चे सौदे करून तीन आठवड्यांत घालवले. तेव्हापासून दादांचे एकच म्हणणे, "तो सट्टा आपल्या दारात नको." अशा घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि मे महिन्याच्या सुट्टीत उमेदवारीला गेलो तो तालुक्याच्या गावी एका सनदी लेखापालांच्या कचेरीत! घरी काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पहिला आठवडा बिले तारीखवार लावण्यात आणि चहा सांगण्यात गेला. मग एके दिवशी सरांनी एका कंपनीचा वार्षिक अहवाल माझ्यापुढे टाकला. म्हणाले, "कला शाखेचा आहेस ना? मग कादंबरी वाचतोस तसा वाच." कंपनीजवळ काय आहे, ती कोणाचे किती देणे लागते आणि उरलेले भागधारकांचे किती, हे ताळेबंद सांगतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. दोन दिवसांनी मी विचारले, "सर, नफा वाढला म्हणतात, मग रोख रक्कम का घटली?" सर हसले. "माल उधारीवर गेलाय. वसूल होईल तेव्हा खरा."

बेंजामिन ग्रॅहॅम हे नावही मी तिथेच ऐकले. वडील लहानपणीच वारले, आईचे थोडेफार पैसे 1907 च्या घबराटीत शेअरबाजारात बुडाले. 1914 साली पदवी घेताच कोलंबिया विद्यापीठाने त्यांना इंग्रजी, तत्त्वज्ञान आणि गणित अशा तिन्ही विभागांत शिकवण्यासाठी विचारले होते. ते सोडून हा वीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर आठवड्याला 12 डॉलरवर उमेदवारीला लागला. 1926 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन सरकारी दप्तरातले अहवाल चाळले. नॉर्दर्न पाइपलाइन या कंपनीचा शेअर बाजारात 65 डॉलरला मिळत होता, आणि कंपनीजवळ दर शेअरमागे सुमारे 95 डॉलरचे रोखे पडून होते. ते अहवाल कोणालाही पाहता येत होते. वाचले मात्र यांनी. 1929 नंतरच्या मंदीत त्यांनाही जबर फटका बसला. त्यातून शिकून 1934 मध्ये त्यांनी डेव्हिड डॉड यांच्यासह ग्रंथ लिहिला. सार एवढेच: किंमत वेगळी, मोल वेगळे, मोलापेक्षा पुष्कळ कमी किमतीत घ्यावे, म्हणजे आपली चूक झाली तरी निभावते.

सुट्टी संपताना मी हे दादांना सांगायचे धाडस केले. ऐकून म्हणाले, "यात नवं काय? दात बघितल्याबिगर, चालवून बघितल्याबिगर बैलाचं दावं हातात घ्यायचं नाही. बाजार चढा असला तर रिकाम्या हातानं घरी यायचं." मग थांबून विचारले, "तुझ्या भावानं काय बघितलं होतं?"

मी म्हणालो, "दादा, त्याने बैल घेतलाच नव्हता. बैलाचा भाव चढेल की उतरेल, यावर पैज लावली होती."

चुलतभाऊ एकटा नाही. सेबीच्या 2024 च्या पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे सौदे करणाऱ्या दर 100 व्यक्तींपैकी 93 तोट्यात गेल्या. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटी रुपयांहून अधिक. म्हणून 'शेअर म्हणजे जुगार' हे दादांचे म्हणणे मी खोटे म्हणणार नाही, अर्धे म्हणेन. न वाचता घेतला तर तो जुगारच. वाचून, जाणून, वर्षानुवर्षे धरून ठेवला तर ती एका धंद्यातली भागीदारी आहे. तीतही तोटा होऊ शकतो, पण तो डोळे मिटून झालेला नसतो.

मित्रहो, वाचणे हे तर आपल्या शाखेचे काम! ओळींमधला अर्थ शोधायला आपल्याला इथे शिकवतात. मग ताळेबंदाला आपण का भ्यावे? माझी प्राध्यापकांना विनंती आहे की सुट्टीतील उमेदवारी केवळ वाणिज्य शाखेपुरती ठेवू नये, आणि ग्रंथालयात चार कंपन्यांचे वार्षिक अहवाल ठेवावेत. त्यांना पैसे पडत नाहीत.

दादा त्या रात्री बराच वेळ गप्प होते. झोपताना एवढेच म्हणाले, "आधी विहिरीचं पैसं जमू दे. मग बघू तुझा बैल."

— एस. वाय. बी. ए.