राजगीर : आधी डोंगर, मग कुंड

बालीगंजमध्ये चढ असा नाहीच. रेल्वेमार्गावरचा बिजन सेतू पायी ओलांडताना जी काय धाप लागेल तेवढीच. सकाळी फिरायला जाणारी मंडळी रवींद्र सरोवराला फेऱ्या मारतात. पण तिथेही जमीन सपाट आणि हवा दमट. म्हणूनच दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली, की इथल्या घरांतून डोंगराच्या गोष्टी सुरू होतात. दार्जिलिंग आजी-आजोबांना थंडीत सोसत नाही. अशा वेळी सर्वांना झेपणारे एक नाव हमखास निघते, ते म्हणजे बिहारमधील राजगीर.

हवापालटासाठी ‘पश्चिमेला’ जाण्याची बंगाली कुटुंबांची पद्धत जुनी आहे. मधुपूर, देवघर, गिरिडीह, शिमुलतला ही त्यांची ठरलेली ठिकाणे. तेथील बाजारात ही बाबूमंडळी प्रत्येक वस्तूला ‘डॅम चीप’ म्हणत, म्हणून स्थानिक लोक त्यांना ‘डॅन्ची बाबू’ म्हणू लागले, असे सांगतात. राजगीरची ओढ मात्र स्वस्ताईपेक्षा गरम पाण्याची. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा कोकणातल्या उन्हवऱ्याला जसे लोक जातात, तसेच संधिवाताने बेजार झालेले वडीलधारे येथे स्नानासाठी येतात.

पण बहुतेकांची सहल कशी होते? सकाळी कुंडावर स्नान, मग रोपवेने शांतिस्तूप, दुपारी नालंदा आणि संध्याकाळी परतीची गाडी. राजगीर पाहिल्याचे समाधान मिळते. परंतु ज्या पाच डोंगरांच्या कुशीत हे गाव वसले आहे, ते दुरूनच बघितले जातात. ज्यांचे पाय चालते आहेत, त्यांनी येथे निदान दोन मुक्काम करावेत.

पाच डोंगरांचे गाव

वैभार, विपुल, रत्नगिरी, उदयगिरी आणि सोनगिरी हे ते पाच डोंगर. त्यांच्या मधल्या खोऱ्यात मगधाची जुनी राजधानी होती. बिंबिसार आणि अजातशत्रू हे येथले राजे. बुद्धाने येथे उपदेश केला, महावीरांनी या परिसरात अनेक चातुर्मास घालवले. डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आतच आहे. सिंहगड चढणाऱ्याला हसू येईल, पण खडक कठीण, झाडी काटेरी आणि ऊन थेट डोक्यावर असते. तेव्हा थट्टेवारी नेऊ नये.

पहिली सकाळ वैभारसाठी ठेवावी. कुंडांच्या मागूनच पायऱ्या सुरू होतात. थोडे चढल्यावर मोठमोठे दगड चुन्याशिवाय रचून केलेला एक चौथरा लागतो. त्याला लोक ‘जरासंधाची बैठक’ म्हणतात. माथ्यावर जैन मंदिरे आणि एका जुन्या शिवमंदिराचे अवशेष आहेत. तेथून उत्तरेच्या अंगाला वाट उतरते ती सप्तपर्णी गुहांपाशी. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पाचशे भिक्षूंची पहिली संगीती येथे भरली, अशी परंपरा आहे. लहान मुले बरोबर असतील, तर गुहेजवळच्या कड्यावर त्यांचा हात सोडू नये.

दुसरी सकाळ गृध्रकूटाची. ही वाट पाचही डोंगरांवरच्या वाटांपेक्षा सोपी. फरसबंद, रुंद आणि बेताच्या चढाची. बुद्धाच्या दर्शनाला जाण्यासाठी ती बिंबिसाराने बांधवली, असे सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने लिहून ठेवले आहे. वाटेवरच्या दोन स्तूपांचाही तो उल्लेख करतो. पहिल्या ठिकाणी राजा रथातून उतरून पायी निघाला, तर दुसऱ्या ठिकाणी त्याने सोबतचा लवाजमा मागे पाठवला. राजालाही शेवटचा टप्पा चालूनच जावे लागले, ही गोष्ट कंटाळलेल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

गृध्रकूटाच्या वरच्या बाजूला रत्नगिरीवर जपानी बौद्धांच्या पुढाकाराने उभारलेला विश्वशांती स्तूप आहे. त्याचे उद्घाटन १९६९ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते झाले. एकेका खुर्चीचा जुना रोपवे येथील जुने आकर्षण. २०२१ मध्ये बंद पाळण्यांचा नवा रोपवेही सुरू झाला. घरातल्या वृद्धांना रोपवेने वर पाठवावे, बाकीच्यांनी पायी जावे आणि स्तूपापाशी सर्वांनी भेटावे. कोणाचाच विरस होत नाही.

वेळ असेल तर गयेच्या रस्त्यावर बाणगंगेच्या खिंडीपर्यंत जावे. एका बाजूला उदयगिरी, दुसऱ्या बाजूला सोनगिरी आणि दोन्हींवर चढत गेलेली, अजस्र दगडांची प्राचीन तटबंदी येथे चांगली दिसते. जैन यात्रेकरू विपुलपासून सुरुवात करून पाचही डोंगर करतात. ज्यांना चालवत नाही ते डोलीतून जातात. नवख्यांनी मात्र एका दिवसात पाच डोंगरांचा हट्ट धरू नये.

पाणी येते कुठून?

वैभारच्या पायथ्याशी ब्रह्मकुंड आणि सप्तधारा, तर विपुलच्या पायथ्याशी मखदूम कुंड. चौदाव्या शतकातील सूफी संत मखदूम शर्फुद्दीन यांच्या नावाने ते ओळखले जाते. ब्रह्मकुंडाचे पाणी सर्वांत कढत, सुमारे ४५ अंश सेल्सिअस.

हे पाणी जमिनीत आपोआप तयार होत नाही. डोंगरावर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून खोल जातो, तेथील उष्णतेने तापतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने वर येतो. झाडीने पाऊस अडवला तरच तो भेगांत मुरतो. येथील जंगल १९७८ पासून अभयारण्य आहे. परंतु गाव वाढले, हॉटेले वाढली, कूपनलिका वाढल्या. अलीकडे उन्हाळ्यात काही कुंडांची धार क्षीण झाल्याच्या तक्रारी येतात. नोव्हेंबर २०२२ पासून राजगीरला पिण्यासाठी मोकाम्याजवळून नळाने गंगेचे पाणी आणले जाते. त्यामुळे जमिनीतील पाण्यावरचा भार हलका व्हावा, ही अपेक्षा आहे. पाहुण्यांनी आपल्यापुरते एवढे करावे : कुंडात साबण-शाम्पू वापरू नये, खोलीत पाणी जपून वापरावे आणि डोंगरावर नेलेली प्रत्येक पिशवी व बाटली परत खाली आणावी.

स्नानाची घाई नको

चढून आल्याबरोबर घामाघूम अंगाने कढत धारेखाली उभे राहणे धोक्याचे असते. आधी अर्धा तास बसावे, पाणी प्यावे, मग पायांपासून सुरुवात करून अंगावर पाणी घ्यावे. पाच-दहा मिनिटे पुरे. बाहेर पडताना रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून वृद्धांजवळ कोणीतरी थांबावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय येथे स्नान करू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाणी किती कढत आहे ते कळत नाही; त्यांच्यासाठी दुसऱ्याने आधी हात घालून पाहावा.

डोंगरावर सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी उतरावे. दोघा-चौघांच्या सोबतीनेच जावे, मुख्य वाट सोडू नये. माकडे असतात, तेव्हा खाऊ हातात धरून चालू नये. घट्ट पकडीचे बूट, टोपी आणि प्रत्येकी निदान एक लिटर पाणी हवेच.

कसे जाल, केव्हा जाल?

कोलकात्याहून रात्रीच्या गाडीने बख्तियारपूर गाठावे; तेथून सुमारे ५४ किलोमीटरचा रेल्वेचा फाटा राजगीरला येतो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना पाटणा किंवा गया सोयीचे. पुढे बस व टॅक्सी मिळतात. बोधगया आणि नालंदा याच सहलीत होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे स्वेटर लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण ज्याला अधिक महिना किंवा धोंड्याचा महिना म्हणतो, त्या महिन्यात सर्व देव राजगीरला मुक्कामाला असतात, अशी श्रद्धा आहे. त्या महिनाभर येथे मलमासाची प्रचंड जत्रा भरते. २०२३ मध्ये ती अधिक श्रावणात झाली. स्नानाचे पुण्य हवे असेल, तर त्या गर्दीत जरूर जावे. डोंगर हवे असतील, तर पंचांग पाहून दुसरा महिना निवडावा.