तारनाक्याचा धडा आणि गोव्याची नोकरदार पिढी

रसायनशास्त्रात एमएस्सी होऊन औषधनिर्मितीच्या कारखान्यात लागलेला तरुण दहा-बारा वर्षांत विभागप्रमुखपदाच्या उंबरठ्यावर येतो. तिथे त्याच्याकडून अपेक्षिले जाते ते वेगळेच: अंदाजपत्रक, मनुष्यबळ, पुरवठादारांशी करार, उत्पादनखर्चाचा हिशेब. यांपैकी काहीही त्याच्या पदवीने शिकवलेले नसते. घराचे कर्ज आणि मुलांची शाळा पाहता नोकरी सोडून दोन वर्षे अभ्यासाला बसणे त्याला परवडत नाही. मग ते पद बाहेरून आलेल्या व्यवस्थापनाच्या पदवीधराकडे जाते. स्थानिकांना वरिष्ठ जागा मिळत नाहीत, ही गोव्यातील जुनी तक्रार आहे. तिची अनेक कारणे असतील. परंतु या एका कारणाचा विचार क्वचितच होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर हैदराबादने फार पूर्वीपासून शोधले आहे. ते समजून घेण्यासाठी तारनाका हा परिसर पाहावा. 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ याला लागूनच आहे. मराठवाड्यातील महाविद्यालये 1958 साली स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत याच विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे मराठी माणसाला ते परके नाही. त्याच परिसरात भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था व राष्ट्रीय पोषण संस्था आहेत आणि दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय असलेले सिकंदराबादही जवळच आहे. शास्त्रज्ञ, अभियंते, रेल्वेचे अधिकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी असा शिकलेला नोकरदारवर्ग विद्यापीठाच्या अंगणातच राहत होता.

त्या वर्गाची गरज ओळखून संस्था उभ्या राहिल्या. इंग्लंडमधील हेन्ली येथील संस्थेच्या धर्तीवर 1956 साली हैदराबादेत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया निघाले. अहमदाबाद व कोलकाता येथील आयआयएम त्यानंतर पाच वर्षांनी आल्या. नव्याने पदवी देण्याऐवजी, सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांना पुन्हा विद्यार्थी बनवणे हा तिचा हेतू होता. 1964 साली सार्वजनिक उपक्रमांच्या अभ्यासासाठी इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक एंटरप्राइज स्थापन झाली आणि ती उस्मानियाच्या परिसरात नांदली. खुद्द विद्यापीठाने नोकरदारांसाठी एमबीएचे सायंकालीन वर्ग चालवले आणि 1977 साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. त्या काळी कुलगुरू असलेले प्रा. जी. राम रेड्डी यांनीच पुढे 1982 साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ आंध्र प्रदेशात उभारले आणि 1985 साली ते ‘इग्नू’चे पहिले कुलगुरू झाले. ‘इग्नू’ने 1987 साली जे पहिले अभ्यासक्रम सुरू केले, त्यांत व्यवस्थापनाची पदविका होती, हा योगायोग नव्हे.

या व्यवस्थेचे बळ तीन गोष्टींत होते. वर्ग कामाच्या ठिकाणापासून जवळ होता, वेळ नोकरदाराच्या सोयीची होती आणि मिळणारी पदवी सार्वजनिक विद्यापीठाची होती. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्या शहराच्या पश्चिम टोकाला, हायटेक सिटीकडे गेल्या आणि पहिल्या गोष्टीला धक्का बसला. तारनाक्यावरून जाणारी मेट्रो 2017 साली सुरू झाली व 2019 साली हायटेक सिटीपर्यंत पोहोचली; तरीही दिवसभराच्या कामानंतर शहर ओलांडून वर्गात बसणे सोपे नाही.

ती पोकळी आता ऑनलाइन शिक्षण भरू पाहत आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी पारंपरिक पदवीच्या समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले. नोकरदारासाठी ही मोठी सोय होय. मात्र समकक्षता पदवीला आहे. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्राला ती लाभत नाही, मग त्यावर कितीही नामांकित संस्थेची मुद्रा असो. खासगी कंपन्यांमार्फत फ्रँचायझी पद्धतीने असे अभ्यासक्रम चालवण्यास मुभा नाही, असेही आयोगाने त्याच वर्षी बजावले होते. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: पदवी कोण देणार, त्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे काय, आणि आपली कंपनी बढतीच्या वेळी ती ग्राह्य धरते काय.

गोव्यात पायाभूत सामग्रीची वाण नाही. 1985 साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाकडे गोवा बिझनेस स्कूल आहे. 1993 साली रायबंदरच्या जुन्या रॉयल हॉस्पिटलच्या वास्तूत सुरू झालेल्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटने देशभर नाव मिळवले आणि पुढे सत्तरीत विस्तीर्ण संकुल उभारले. परंतु वेर्ण्याच्या कारखान्यातून सायंकाळी सुटणाऱ्या अधिकाऱ्याला सत्तरी गाठणे शक्य नाही, आणि ताळगावच्या पठारावर पोहोचेपर्यंत त्याचा दिवस संपलेला असतो.

म्हणून वर्गानेच त्याच्याकडे जायला हवे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत विद्यापीठाचा सायंकालीन वा शनिवार-रविवारचा वर्ग भरवण्यासाठी नवी इमारत लागणार नाही. एखाद्या कारखान्याचे प्रशिक्षण दालन पुरेल. 2021 पासून असलेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीमुळे एकेक विषय पूर्ण करून श्रेयांक साठवता येतात आणि मध्ये खंड पडला तरी केलेला अभ्यास वाया जात नाही. शुल्काचा काही भाग कंपनीने उचलावा आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याचा बढतीसाठी विचार करण्याची लेखी हमी द्यावी. शासनाने या दोघांना एका मेजावर आणावे.

हैदराबादला अंतराने अडवले. गोव्यात वास्को, वेर्णा, मडगाव आणि पणजी ही केंद्रे एकमेकांपासून तासाभराच्या आत आहेत. लहान राज्याचा हा लाभ वापरला, तर स्थानिकांच्या वरिष्ठ पदांची मागणी केवळ निवेदनांपुरती राहणार नाही. तिच्यामागे तयार माणसे उभी असतील.