पिशवी काढली, पण तोंड राहिलंय का? ऊसतोड बायकांनी विचारायचा प्रश्न

बीड : पिशवी काढली, आता कॅन्सरची भीती नाही, असं अनेक बायका धरून चालतात. ते दरवेळी खरं नसतं. पिशवीच्या एका ऑपरेशनात तोंडासकट सगळी पिशवी निघते. दुसऱ्यात वरची पिशवी काढतात आणि तिचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, आतच ठेवतात. आतडी चिकटलेली असतील किंवा बाळंतपणात रक्त थांबत नसेल, तर कधी कधी डॉक्टरांना तेच सुरक्षित वाटतं. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते बाईला न सांगणं. कारण गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो तो याच तोंडाला.

२०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. पाळीत खाडा झाला की पैसे कापले जायचे, त्यात "कॅन्सर होईल" अशी भीती घातली की बाई ऑपरेशनला तयार. पुढं खासगी दवाखान्यांना परवानगीची अट आली. सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ मध्ये केंद्राची नियमावली लागू करायला राज्यांना सांगितलं. पण हे सगळं पुढच्या ऑपरेशनांसाठी. ज्यांचं होऊन गेलं, त्यांच्या तपासणीचं काय?

डिस्चार्ज कार्डावर कोणतं ऑपरेशन झालं ते लिहिलेलं असतं; आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवून वाचून घ्यावं. कार्ड उसाच्या फडात हरवलं असेल तरी अडत नाही. डॉक्टर आतून पाहून दोन मिनिटांत सांगतात. तोंड शिल्लक असेल तर तपासणी इतर बायकांसारखीच चालू ठेवायची. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची ती दर पाच वर्षांनी होते. तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून पाहतात, पांढरा डाग उठला तर पुढं पाठवतात. भूल नाही, टाके नाहीत.

तोंड ठेवलेल्या काही जणींना पाळीच्या तारखेला थोडा लाल डाग दिसतो. आत राहिलेल्या अस्तरामुळं तसं होतं, तरी एकदा दाखवलेलं बरं. मात्र संबंधानंतर रक्त, घाण वासाचं पाणी किंवा बंद झालेलं रक्त पुन्हा सुरू झालं, तर पट्टा पडायची वाट पाहू नये. आणि तोंडही निघालेलं असेल, आधी तिथं काही दोषही सापडला नसेल, तर ही तपासणी लागत नाही. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर कशासाठी, ते खुशाल विचारावं.