पहिल्या नंबरचा पहिलवान कोण?

डहाणूकडे जाणारी संध्याकाळची लोकल पालघर सोडते, तेव्हां डब्यांत जरा हातपाय हलविण्यापुरती जागा होते. त्या जागेंत परवां एक वाद पेटला. तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळीस निघालेलीं चार पोरें, साताऱ्याकडचा एक फिटर, जौनपूरकडचा एक दूधवाला आणि नवापूरचा एक म्हातारा मच्छीमार, एवढे त्या सभेचे सभासद. विषय एकच : जगांतला सर्वांत थोर पहिलवान कोण?

पोरांनीं अंडरटेकर आणि जॉन सीना यांचीं नांवें पुढें केलीं. म्हाताऱ्यानें दारासिंगाचें नांव घेतलें. दूधवाला म्हणाला, गामाच्या पुढें सगळे पोरसवदा. फिटर उमरोळी येईपर्यंत गप्प होता, मग त्यानें एकच शब्द काढला, "खाशाबा." त्याबरोबर पोरांनीं विचारलें, "कोण खाशाबा?" बोईसर आलें, मंडळी उतरून पांगली, आणि वाद तसाच राहिला.

वाचकहो, हा रिकामटेकड्यांचा वाद आहे असें आम्हांस वाटत नाहीं. कोणास थोर म्हणावें हें ज्या समाजास ठरवितां येत नाहीं, त्याच्या पोरांचे थोर पुरुष दुसराच कोणी ठरवून देतो आणि वर त्याचे पैसेहि घेतो. म्हणून या वादाचा निकाल आम्ही आमच्या परीनें लावूं इच्छितों.

आधीं पोरांचें म्हणणें घेऊं. आजचे तीस-पस्तीस वर्षांचे बाप्ये लहानपणीं पत्त्यांचा एक खेळ खेळत. प्रत्येक पत्त्यावर एका परदेशी पहिलवानाचें चित्र, खालीं त्याची उंची, वजन, छाती, दंड, आणि शेवटीं त्याचा नंबर. ज्याचा आंकडा मोठा त्यानें दुसऱ्याचा पत्ता जिंकावा. थोरपणाची मोजदाद आमच्या पोरांनीं तेथें शिकली. दूरदर्शन संचावर दिसणाऱ्या त्या कुस्त्यांचा निकाल मात्र आधीं ठरलेला असतो. ही आमची कुजकी शंका नव्हे. १९८९ सालीं त्या धंद्यांतल्या सर्वांत मोठ्या कंपनीनें अमेरिकेंतील न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढें स्वतःच कबूल केलें कीं हा स्पर्धेचा सामना नसून करमणुकीचा खेळ आहे. कबुलीचें कारणहि व्यवहारी होतें. खेळ म्हटला कीं सरकारी देखरेख आली आणि कर आला; करमणूक म्हटली कीं दोन्ही टळलीं!

त्या मंडळींस आम्ही हिणवीत नाहीं. उंचावरून पाठीवर पडणें, रोज नव्या गांवीं तेंच करणें, हाडें मोडून घेणें, ही मेहनत खरी आहे. तमाशांतला राजाहि घाम गाळतो. पण म्हणून त्याचें नांव कोणी राजांच्या वंशावळींत लिहीत नाहीं.

निकाल आधीं ठरवून मग जोड लावण्याची ही रीत आम्हां बहुजनांस नवी नाहीं. जन्मावरून ज्याचा नंबर लावून टाकला, त्यानें कितीहि जोर काढले तरी पंच त्याचा हात वर करीत नसत. मातींतली कुस्ती आमच्या शेतकरी-कारागीर घरांस प्रिय झाली ती यामुळेंच. तेथें पाठ लागली कीं लागली. ती पाठ पाटलाची कीं लोहाराची, हें हजारों लोक डोळ्यांनीं पाहत असतां कोणास बदलतां येत नाहीं. राजर्षी शाहू महाराजांनीं १९१२ सालीं कोल्हापुरास खासबाग मैदान उभें केलें. मधोमध हौदा आणि भोंवतीं चढत गेलेली जमीन. शेवटच्या रांगेंतल्या कुणब्यासहि निकाल स्वतःच्या डोळ्यांनीं दिसावा अशी ती रचना आहे.

आतां म्हाताऱ्या बाबांचा दारासिंग. त्यानें १९५४ सालीं रुस्तुम-इ-हिंद हा किताब मिळविला. किंगकाँगसारख्या धिप्पाड गड्याशीं त्याच्या लढती झाल्या आणि १९६८ सालीं मुंबईंत अमेरिकेच्या लू थेझवर त्यानें जय मिळविला. त्याच्या कुस्तींत तमाशाचा भाग किती आणि बळाचा किती यावर जाणते अजून भांडतात. परंतु आखाडा सुटत चाललेल्या काळांत या माणसाच्या नांवानें गांवोगांवच्या आयांनीं पोरांस दूध पाजलें, हें त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

दूधवाल्याचा गामा मात्र खरोखर डोंगर होता. १९१० सालीं लंडनला त्याची पोलंडच्या झिबिस्कोशीं गांठ पडली. पहिल्याच मिनिटाच्या आसपास झिबिस्को खालीं गेला आणि अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीस चिकटून राहिला. कुस्ती बरोबरींत सुटली. पुन्हां लढण्याचा दिवस ठरला, तर गडी फिरकलाच नाहीं! अठरा वर्षांनीं, १९२८ सालीं, पतियाळास दोघे पुन्हां भिडले आणि गामानें एका मिनिटाच्या आंत निकाल केला. फाळणीनंतर तो लाहोरास राहिला आणि १९६० सालीं तेथेंच वारला. संस्थानांचा आश्रय गेला तशी त्या जातीच्या पहिलवानांची पिढीहि सरली.

आतां फिटरच्या एका शब्दाकडे येऊं. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६, गांव कऱ्हाडजवळचें गोळेश्वर. शेतकऱ्याचा पोर, उंचीनें ठेंगणा, वजनानें हलका. पत्त्यांच्या खेळांत त्याचा पत्ता कोणीहि जिंकला असता. १९४८ सालीं कोल्हापूर दरबाराच्या मदतीनें तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला. जन्मभर मातींत खेळलेल्या गड्यास तेथें गादीवर लढावें लागलें. तरीहि तो सहावा आला. परत येऊन रडत बसला नाहीं. चार वर्षें मेहनत केली.

१९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें तर पैसा नव्हता. सरकारचा हात आंखडता. तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. आपल्या शाळेंतल्या पोराच्या कुस्तीसाठीं आपल्या डोक्यावरचें छप्पर सावकाराच्या हातीं देणारा मास्तर आज तुमच्या तालुक्यांत कितीजण दाखवाल?

हेलसिंकीस जपानच्या इशीशीं खाशाबाची कुस्ती लांबली आणि तो गुणांवर हरला. दोन कुस्त्यांमध्यें अर्धा तास विश्रांति देण्याचा नेम होता; पण त्यास लागलीच रशियाच्या गड्यापुढें उभें केलें. नेम दाखवून भांडावयास आपला एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता. दमलेला खाशाबा ती कुस्ती हरला आणि कांस्यपदक घेऊन परतला. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें येण्यास १९९६ साल उजाडलें. कऱ्हाड स्टेशनावर शंभरांहून अधिक बैलगाड्या त्यास आणावयास गेल्या होत्या. पुढें १९५५ सालीं तो पोलिसांत फौजदार झाला, चाकरी केली, निवृत्त झाला आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरच्या अपघातांत गेला. अर्जुन पुरस्कार त्यास मिळाला तो मेल्यानंतर. जिवंतपणीं बैलगाड्या आल्या, सरकारी गाडी आली नाहीं!

त्याच्या मागून आलेल्यांचीं नांवेंहि पोरांस ठाऊक असावीं. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ सालीं पहिले हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांत कवठेपिरानच्या मारुती मान्यांनीं आणि पुनवतच्या गणपत आंदळकरांनीं प्रत्येकीं एक सोनें आणि एक चांदी आणली. हरिश्चंद्र बिराजदारांनीं १९७० सालीं एडिंबरोस राष्ट्रकुलाचें सोनें जिंकलें आणि १९७७ सालीं बेळगांवांत दिल्लीच्या सतपालास पाडलें. त्या दिवशीं सतपाल हरला खरा. पण पुढें त्याच्याच हाताखालीं दिल्लीच्या छत्रसाल आखाड्यांत तयार झालेल्या पोरांनीं भारतास ऑलिंपिकचीं पदकें दिलीं. नुसत्या हारजितीवर नंबर लावणाऱ्यांनीं हा हिशेब कोणत्या रकान्यांत मांडावा?

आणि बायांचें काय? डब्यांतल्या त्या सभेंत एकाहि बाईचें नांव निघालें नाहीं. १९५४ सालीं हमीदा बानू या पहिलवान बाईनें बडोद्यास बाबा पहिलवान नांवाच्या पुरुषास दोन मिनिटांच्या आंत चीत केलें. हीच बाई पुढें आपल्या जुन्या ठाणें जिल्ह्यांत, कल्याणास, दुधाचा धंदा करून राहिली, आणि आपणांस त्याचा पत्ताहि नव्हता. २०२३ च्या मार्चांत सांगलीस बायांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनें ती जिंकली, आणि शेवटच्या कुस्तींत तिच्यासमोर कल्याणचीच वैष्णवी पाटील होती. ज्यांच्या घरीं पोरगी भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांध ओलांडते, त्यांनीं तिच्या अंगांत बळ नाहीं असें म्हणूं नये.

दूधवाल्या भय्यास परका समजणाऱ्यांसाठींहि एक गोष्ट आहे. आपल्याच रेल्वेच्या वाटेवर, मुंबईच्या उपनगरांत, उत्तरेकडून आलेल्या एका दूधवाल्याचा पोर वाढला. तो नरसिंग यादव. २०११ पासून लागोपाठ तीन वेळां तो महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ सालीं त्यानें जागतिक स्पर्धेंत कांस्य मिळविलें. २०१६ सालीं उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणांत त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली, तेंहि लपविण्याचें कारण नाहीं. परंतु महाराष्ट्राची गदा त्याच्या खांद्यावर देतांना मातीनें त्याची बोली विचारली नाहीं, हें बोईसरच्या चाळींतून रोज भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनीं ध्यानांत ठेवावें.

तेव्हां आमचा निकाल असा. पहिलवान मोजावयाचा तो त्यानें केवढें ओझें पाठीवर घेऊन कुस्ती केली यावर, आणि त्याच्या मागून किती उभे राहिले यावर. या मापानें आम्ही पहिला नंबर खाशाबास देतों, आणि त्याच नंबरावर गोळेश्वरच्या वर्गणीदारांस व घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांस बसवितों. ज्यास हें मान्य नसेल त्यानें आपलें माप सांगावें, आम्ही ऐकूं.

पण एवढ्यावर आमचें काम संपत नाहीं. पालघर-बोईसरकडे बळाला तोटा आहे काय? सातपाटीच्या धक्क्यावर ओल्या जाळ्यांचा भार ओढणारे दंड आहेत. ताडावर सरसर चढणारीं वारल्यांचीं पोरें आहेत. बारा तास पत्रा उचलणारे कारखान्यांतले कंत्राटी गडी आहेत. त्यांतल्या कित्येकांचा पगार आतां डब्यांतल्या भुकटीवर आणि आरशासमोरच्या व्यायामशाळेच्या फीवर जातो. शरीर कमवावें, त्यास आमची ना नाहीं. पण तेथें गडी एकटा कमावतो. तालमींत वस्ताद असतो, जोडीदार असतो, आणि पडल्यावर उठविणारा हात असतो.

तुमच्या गांवांत तालीम आहे काय? असेल तर तिच्या हौद्यांतली माती शेवटची केव्हां बदलली? तांबडी माती चाळून तींत ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरवावें लागतें, हें सांगणारा म्हातारा अजून जिवंत आहे, तोंवर त्यास विचारून घ्या. आणि १९४८ चा धडा विसरूं नका : मातीच्या शेजारीं गादीहि हवी, नाहींतर आमचा पोर पुन्हां परक्या जमिनीवर पहिल्यानें उभा राहील.

पैसा कोठून आणावा असें विचाराल, तर तारापूरचीं धुराडीं तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यास लावावे लागतात, आणि ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचें शिक्षण त्या कामांच्या यादींत लिहिलेलें आहे. धूर आणि सांडपाणी ज्या गांवांच्या वांट्यास येतें, त्यांनीं गादी मागितली तर ती भीक ठरत नाहीं. ग्रामसभेचा ठराव करा, त्यावर सह्या-अंगठे घ्या, आणि अर्ज घेऊन दोघांनीं न जातां वीसजणांनीं जा.

खाशाबाचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आतां राज्याचा क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं शाळेंत हार घालून मोकळे होऊं नका. गांवांत चार जोडी लावा. त्यांत एक जोड पोरींची असूं द्या. गांवचे जुने पहिलवान पुढच्या रांगेंत बसवा. जिंकणाऱ्यास फेटा द्या आणि हरणाऱ्यासहि दुधाचे पैसे द्या, म्हणजे तो पुढच्या वर्षीं पुन्हां येईल.