वहिनी, जरा नेट द्या ना!

मैत्रिणींनो, पूर्वी शेजारणी विरजण मागायला यायच्या, आता हॉटस्पॉट मागतात. मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरायचाय, सिलिंडर बुक करायचाय आणि नेमका त्यांचा आजचा डेटा संपलेला! नाही म्हणायचं तरी कसं? म्हणूही नये. पर्समधल्या मोबाईलवरून घरभर इंटरनेट मिळतं, ही सोय काही लहान नाही. शिवाय बाहेरच्या कुणाच्याही उघड्या वाय-फायवर बँकेचं काम करण्यापेक्षा आपला हॉटस्पॉट केव्हाही बरा.

पण विरजण दिलं की विषय संपतो, नेटचं तसं नसतं. तुमच्या हॉटस्पॉटवरून कुणी काहीही उद्योग केले, तरी माग निघतो तो तुमच्याच सिमकार्डापर्यंत. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी काही मिनिटं धमकीचा ई-मेल गेला. त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी. त्याच्या घरातलं वाय-फाय भलत्यांनीच वापरलं होतं. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. मोबाईलच्या हॉटस्पॉटचा धोका याच जातीचा.

आता पासवर्डचं बघा. तो निदान आठ अक्षरांचा लागतो, म्हणून कितीजणी आपला मोबाईल नंबरच टाकून मोकळ्या होतात. अहो, तो तर दूधवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ असतो! आणि एकदा सांगितलेला पासवर्ड समोरच्याच्या फोनमध्ये जाऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही हॉटस्पॉट चालू केलात की तो फोन न विचारता जोडला जातो. म्हणून बाहेरच्या कुणाला दिला असेल, तर काम झाल्यावर बदलून टाका. रुसलं कुणी तर रुसू दे.

आणखी एक. काही फोनमध्ये हॉटस्पॉटला मालकिणीचंच नाव लागतं. एसटीत तो चालू ठेवला, तर आसपासच्या अनोळखी माणसांना आपल्या फोनवर ते नाव दिसतं. शिकायला परगावी जाणाऱ्या मुलींनी तर हे आधी बदलावं. ‘वांग्याचं भरीत’ ठेवलंत तरी चालेल!

हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये किती फोन जोडलेत, ते दिसतं. एकालाच दिलंय आणि आकडा तीन दिसतोय? आधी पासवर्ड बदला, चौकशी मग करा.