गप्पी माशाला सावली द्या



डासांचे दिवस आले की आरोग्य कर्मचारी गावात येतात आणि टाक्यात, हौदात गप्पी मासे सोडून जातात. आपण दोन दिवस कौतुकाने पाहतो, मग विसरतो. उन्हाळ्यात मासे मरतात आणि पावसाळ्यात पुन्हा नवे मागावे लागतात. माझे स्पष्ट मत असे, की मासे सोडणे हे अर्धेच काम. त्यांच्या पाण्याला ऊन-थंडीपासून जपणे हे उरलेले अर्धे काम, आणि ते आपले आहे.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. तिथल्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ साली त्याला हे नाव मिळाले. हा मासा अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्ले देतो. पाणी मनासारखे असले तर मादी महिन्या-महिन्याने पिल्ले देते. डासाची अळी पाण्याच्या वरच्या थरात असते आणि गप्पीचे तोंडही वरच्या बाजूला वळलेले. म्हणून त्याला ती बरोबर सापडते. डेंग्यूचा डास घाण नालीत नाही, तर घराजवळच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून घरच्या टाक्यातला गप्पी फार मोलाचा.

त्याला मानवते ते २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी. आपल्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. उघड्यावरचे उथळ सिमेंटचे टाके दुपारी चांगलेच तापते. त्यात आणखी एक अडचण. एक लिटर पाण्यात २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. पाणी तापले की माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि मिळतो मात्र कमी. थंडीत उलटे होते. पाणी फार गार झाले की गप्पी सुस्त होतो, खाणे कमी करतो, पिल्लेही होत नाहीत.

कोणी म्हणेल, "गप्पी काटक आहे बुवा, नालीतही जगतो. त्याचे एवढे लाड कशाला?" काटक आहे हे खरे. गढूळ पाणी तो सोसतो. पण तापलेल्या सिमेंटच्या टाक्यात त्याला पळायला जागा कुठे? तलावातला मासा दुपारी खोल पाण्यात जातो. टाक्यातल्याने जावे कुठे?

खर्च काही नाही. टाक्याच्या अर्ध्या भागावर बांबूचा लहानसा मांडव घालून वर तणस टाका. सांदवाडीत झाड असेल तर नांद त्याच्या सावलीतच ठेवा. पाणी हातभर तरी खोल असू द्या. उथळ पाणी लवकर तापते आणि लवकर गारही होते. थोडे शेवाळ व पाणवनस्पती राहू द्या, पिल्लांना लपायला जागा मिळते. नवे पाणी एकदम ओतू नका, संध्याकाळी थोडे थोडे घाला. बर्फ तर मुळीच नको, अचानक बदल माशाला सोसत नाही. ब्लीचिंगचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच घाला. नवे मासे पिशवीतून आणले तर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाक्यातच तरंगत ठेवा, मग सोडा. पाणी मोजायला विज्ञानपेटीतली तापमापी घ्या. तापाची तापमापी चालत नाही, तिच्यावर ३५ च्या खालचे आकडेच नसतात.

आता खरी गोष्ट सुट्टीची. ऊन सर्वात कडक असते तेव्हाच शाळा बंद असते. टाके आटते, मासे मरतात. मग पहिला पाऊस पडतो, टाके भरते. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शाळा उघडते तेव्हा मासे नसतात, डास मात्र हजर! म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी सुट्टीत पाळ्या लावाव्यात. दोघांनी एक आठवडा पाहिले तरी काम भागते.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. पिल्ले फार झाली म्हणून ती गावच्या तलावात किंवा बोडीत सोडू नका. आपला जिल्हा तलावांचा. मालगुजारी तलावांतले देशी मासे आपल्या ढिवर बांधवांची भाकर आहेत. परका मासा तिथे वाढला तर देशी माशांच्या पिल्लांचे खाणे हिरावतो. १९२८ साली डासांसाठीच भारतात आणलेला गंबुशिया मासा तर आज जगातल्या सर्वात उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे. जास्तीचे मासे शेजारच्या टाक्यासाठी द्या.

आरोग्य केंद्राने मासे दिले, सावली आपण द्यायची. घरोघर एवढे झाले तर पुढच्या पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने कोणाची शाळा बुडणार नाही, असे मला वाटते. तुम्हाला काय वाटते, ते पुढच्या अंकासाठी लिहून द्या.